खुर्चीच्या उजव्या हातावरची झीज

ही गोष्ट ऐकीव नाही, हे आधीच सांगते.

कुणाच्या तरी मित्राच्या ओळखीतल्या माणसाला आलेला अनुभव वगैरे नाही. हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय. विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मी कुणाची समजूत घालत बसणार नाही. माझीच अजून पुरती पटलेली नाही.

आणि यात मध्यरात्र नाही. ओसाड बंगला नाही. पांढऱ्या कपड्यातली बाई तर नाहीच नाही.

सुरुवात झाली एका मंगळवारी, दुपारी पावणेतीन वाजता. बाहेर डोळ्यांत खुपेल असं ऊन होतं आणि मावशी कामावर होती.

मावशी कापड छपाईच्या कारखान्यात काम करते. आपण कागदावर प्रिंट काढतो ना, तसंच. फक्त यंत्र एका खोलीएवढं, आणि कागदाच्या जागी दीड मीटर पन्ह्याचा कापडाचा रोल. डिझाइन कॉम्प्युटरवर साफ करायचं, रंग जुळवायचे, छापायचं, वाफेवर रंग पक्का करायचा. मग पलीकडच्या लांब टेबलावर मास्तर ते कापणार. ड्रेस, पडदे, सोफ्याच्या खोळी, म्हणाल ते. एका बाजूला मावशी, दुसऱ्या बाजूला कटिंग मास्तर, मधे यंत्राची घरघर. गेली अकरा वर्षं हेच.

मावशीची एक खोड आहे. तिला डाग सहन होत नाही. छापलेल्या कापडात केसाएवढी रेघ आली तरी ती अख्खा तागा बाजूला काढते. मास्तर चिडवतात, "ताई, तुम्हाला चंद्र छापायला दिला असता तर आधी घासून काढला असतात."

ही खोडच तिला नडली.

झालं असं की शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आल्या. काखेत एक गाठोडं. त्यात एका जुन्या आरामखुर्चीचं सगळं कापड होतं... पाठ, बैठक, आणि दोन्ही हातांवर चढवायच्या दोन खोळी. विटकरी कापड, त्यावर हिरवी पानं आणि मधेमधे एक पिवळं फळ. कापडाला बारीक मऊ लव होती. बोट फिरवलं की रेघ उठायची. बैठक पार फाटली होती.

"बाबांची खुर्ची," बाई म्हणाल्या. "चार महिने झाले त्यांना जाऊन. हे कापड आता कुठेच मिळत नाही. तुम्ही हुबेहूब छापून देता असं कळलं."

"देऊ की," मावशी म्हणाली.

बाईंनी उजव्या हाताची खोळ वेगळी काढली आणि टेबलावर पसरली.

तिच्यावर चार रेघा होत्या. शेजारी शेजारी, बोटांएवढ्या रुंद, चारही चांगल्या लांब. तिथली लव पार गेली होती, रंग गेला होता, आतले धागे दिसत होते.

"एवढी एक नवी करू नका," बाई म्हणाल्या. "आहे तशीच परत द्या. बाकी सगळं नवं करा."

मावशीच्या कपाळाला आठ्या पडल्या. तेव्हा बाईंनी खुलासा केला. वडिलांना झटका आला होता. आठ महिने वाचा गेलेली, आणि त्या आठ महिन्यांत ते त्या खुर्चीतून क्वचितच उठले. आईला बोलवायचं झालं की ते खुर्चीच्या हातावर बोटं घासायचे. तीनदा घासायचे, थांबायचे, मग एकदा. तो आवाज आला की आई हातातलं काम टाकून यायची आणि शेजारच्या स्टुलावर बसायची.

"आता आईला दिसत नाही फारसं. पण रोज त्या स्टुलावर बसते आणि या रेघांत बोटं ठेवते. मगच जेवते."

"काळजी करू नका," मावशी म्हणाली.

असं म्हणाली, आणि दुसऱ्याच दिवशी तिचं मन फिरलं. सगळी खुर्ची कोरी करकरीत आणि मधेच एक झिजलेली खोळ? बघणारा काय म्हणेल? छपाई फसली म्हणेल. तिनं डाव्या हाताची खोळ स्कॅन केली, कॉम्प्युटरवर आरशातल्यासारखी उलटी केली आणि उजवीच्या जागी बसवली. एकही रेघ नाही. पानं टवटवीत.

मास्तरांनी जुनी खोळ उचलून दाखवली. "ताई, बाई म्हणाल्या होत्या ही परत..."

"मास्तर, आपण काय इथे डाग विकायला बसलोय? नवी बघतील तेव्हा खूशच होतील त्या."

मास्तर हसले. जुनी खोळ चिंध्यांच्या पोत्यात गेली. पोतं सोमवारी उचललं गेलं.

मंगळवारी मावशीनं छापायला घेतलं.

पावणेतीनला छपाई संपली होती, यंत्र बंद होतं. मास्तर तुकडे कापून डबा खायला बाहेर गेले होते. आत कुणी नव्हतं. मावशी कॉम्प्युटरसमोर बसून डोळे चोळत होती.

आणि मागून आवाज आला...

खस्... खस्... खस्...

थांबला.

खस्.

तिला वाटलं, पंख्याच्या वाऱ्यानं कापड हललं. पंखा बंद होता. तिला वाटलं, मास्तर आले. मास्तर नव्हते. टेबलावर कापलेले तुकडे ओळीनं मांडून ठेवलेले होते.

उजव्या हाताच्या तुकड्यावर लव दबलेली होती... चार जागी.

कुणीतरी नुकतीच बोटं फिरवल्यासारखी.

मावशीनं तळहातानं लव सारखी केली आणि कामाला लागली. ही तिची खासियत. भीती वाटली की ती कामाला लागते.

संध्याकाळी उजेडात धरून बघितल्यावर पाठीच्या कापडात एक फिकट आडवी रेघ सापडली. यंत्राच्या एका नळीतून शाई नीट आली नव्हती. झालं! मावशीनं अख्खा संच बाद केला आणि दुसऱ्या दिवशी सगळं पुन्हा छापलं. बाईंना गेला तो दुसरा संच. एकदम निर्दोष.

आणि बाद झालेला संच मावशीनं घरी नेला.

यात काही वावगं नव्हतं. कारखान्यात सगळेच नेतात. कुणाच्या घरी बाद पडदे, कुणाच्या घरी बाद उशा. त्यात घरची आरामखुर्ची फाटलेली होती आणि तिच्यात काकांना दिवसभर बसावं लागत होतं. मास्तरांनी मापात कापून दिलं. पाठ जोड देऊन केली. उजव्या हाताची खोळ मात्र जशीच्या तशी बसली. एका बोटाचाही फरक नाही.

काका म्हणजे मावशीचे यजमान. त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं तुम्हाला कळणार नाही.

काकांनी सव्वीस वर्षं शाळेची बस चालवली. बसच्या दारात सापडून त्यांच्या उजव्या करंगळीचं वरचं पेर गेलं होतं. पोरांना ते बोट दाखवून सांगायचे, "नीट बसला नाहीत तर उरलेलं कापून तुमच्या डब्यात टाकीन." पोरं खिदळायची. माणूस भलताच गमत्या. मावशीला नावानं कधी हाक मारली नाही. "सरकार" म्हणायचे. "सरकार, चहाची फाइल कुठे अडकली?"

आणि शीळ. काका दिवसभर शीळ घालायचे. एकच चाल, तीही अर्धी. वर चढत चढत जायची आणि शेवटच्या वळणावर तुटायची. पुढचं त्यांना कधी जमलंच नाही. आम्ही भाचरं म्हणायचो, काका, एकदा तरी पूर्ण करा हो. ते म्हणायचे, पूर्ण केली तर उद्या काय वाजवू?

त्या मंगळवारच्या काही दिवस आधी ते जिन्यावरून पडले. मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे बसून काढा.

नवं कापड बघून काका खूश झाले. "वा सरकार! झाडात बसल्यासारखं वाटतंय. आता दाणे टाका, पोपट बोलेल."

पहिले आठ दिवस काही नाही.

नवव्या दिवशी मावशीला सुट्टी होती. ती स्वयंपाकघरात होती. बाहेरून काकांची शीळ चालू होती. वर चढत होती... चढत होती...

मधेच थांबली. नेहमीच्या जागेच्या आधीच.

आणि मग...

खस्... खस्... खस्...

खस्.

मावशीच्या हातातला चमचा तसाच राहिला. ती बाहेर आली. काका झोपले होते. मान एका बाजूला, पेपर छातीवर, आणि दोन्ही हात पेपरावर.

खुर्चीच्या उजव्या हातावर चार रेघा होत्या. चारही लांब.

"अहो," तिनं त्यांना हलवलं. "तुम्ही यावर बोटं घासताय का?"

"मी? मी कशाला घासू?" काकांनी डोळे किलकिले केले. "तूच मघाशी हात धरून बसली होतीस ना इथे?"

मावशी तिथे आलीच नव्हती.

त्यानंतर एकेक गोष्ट घरातून कमी होत गेली. आधी शीळ गेली. दिवसातून दहादा व्हायची ती दोनदा, मग एकदा, मग नाही. मग गमती गेल्या. मग "सरकार" गेलं. काका नुसते बसून राहायचे आणि त्यांचा उजवा हात खुर्चीच्या हातावर असायचा. आता बोटं खरंच हलायची. तीनदा. थांबून एकदा. मावशी कामावरून यायची, कुलूप उघडायची, आणि दारातूनच तो आवाज ऐकू यायचा.

डॉक्टरांना दाखवलं. हाड छान जुळलंय म्हणाले, उठून चालायला हरकत नाही. काका उठायला तयार नव्हते. रक्त तपासलं, डोकं तपासलं, सगळं ठीक. घरात बसून माणूस कंटाळतो, डॉक्टर म्हणाले, बोलतं करा त्यांना.

बोलतं कसं करणार? काका दिवसाला दोन शब्द बोलत होते. वजन उतरत होतं. मावशीचा जीव टांगणीला लागला. रात्री ती त्यांच्या नाकाशी हात धरून श्वास बघायची.

एका सकाळी काका आपणहून बोलले.

"स्टूल."

"काय हवंय?"

"इथे." त्यांनी उजवीकडे बोट दाखवलं.

मावशीला आनंदच झाला. तिनं धावत जाऊन स्टूल आणलं, खुर्चीला लावून ठेवलं आणि त्यावर बसली. काकांनी सावकाश मान वळवली. तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

मग त्यांचा चेहरा पडला.

"तू नाही," ते म्हणाले.

स्टूल. तीनदा, मग एकदा. शाळेतल्या बाई बोलल्या होत्या त्यातला शब्द न् शब्द मावशीला आठवला. इतके दिवस आठवलं नव्हतं असं नाही. तिनं आठवू दिलं नव्हतं.

त्याच दुपारी कारखान्यात बाईंचा फोन आला.

"ताई, ती जुनी खोळ तुमच्याकडेच राहिलीय का हो? उजव्या हाताची?"

"का? काय झालं?"

"आईचं जेवण कमी होत होत आता पार बंद झालंय. नवी खोळ चाचपते आणि रडते. म्हणते, त्यांना कुठे पाठवलंस?" बाईंचा आवाज फाटला. "डॉक्टरांनी सलाइन लावलंय. ताई, ती खोळ द्या हो."

मावशीनं पलीकडे बघितलं. चिंध्यांचं पोतं तिथेच होतं. नवं. जुनं जाऊन महिना उलटला होता.

"देते," ती म्हणाली. "उद्या घेऊन येते."

मावशीनं मला हे सांगितलं तेव्हा या जागी ती थांबली होती. म्हणाली, "मला वाटलं, मी बरोबरच करतेय. ज्यांचं आहे त्यांना परत देतेय. त्या आजी जेवतील आणि माझा माणूस मला परत मिळेल. यात चुकीचं काय होतं, सांग ना?"

मी तिला पुढचं सांग म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मंगळवार होता. तिनं सुट्टी टाकली. काका खुर्चीत होते. बोटं चालू होती.

खस्... खस्... खस्...

ती खाली बसली आणि खोळीची मागची पट्टी सोडवू लागली. खोळ भयंकर झिजली होती. लव गेली होती, धागे सुटले होते. घाईघाईत तिनं बघितलं. तीन रेघा लांब होत्या. चौथी आखूड होती, शेवटी अर्धीच.

घाईत होती. पुढे विचार केला नाही.

तिनं काकांचा हात उचलला. तेव्हा काकांनी तिच्याकडे बघितलं. या वेळी ओळखीनं बघितलं, अगदी पूर्वीसारखं. त्यांचे ओठ गोल झाले. त्यांना शीळ घालायची होती...

नुसती हवा आली.

"आलेच हं मी," मावशी म्हणाली. "आता बरं वाटेल तुम्हाला." आणि तिनं खोळ ओढून काढली.

बाईंच्या घरी ती तासाभरात पोचली. जुनी खोळ सापडली म्हणून थाप मारली. बाईंनी नीट बघितलंही नाही, गळ्यातच पडल्या. खोळ खुर्चीवर चढवली. आजींना धरून स्टुलावर बसवलं. वाळलेल्या, हातावर सलाइनची पट्टी लावलेल्या. त्यांनी बोटं पुढे केली आणि रेघांवर ठेवली.

पहिलं बोट बसलं. दुसरं बसलं. तिसरं बसलं.

चौथं मधेच अडलं.

आजींनी मान जरा तिरपी केली. काहीतरी ऐकत असल्यासारखी. मग त्यांनी खोळीवर हलकेच थोपटलं आणि म्हणाल्या, "काहीतरी खायला दे गं."

मावशीनं सुटकेचा श्वास सोडला. परतीच्या बसमध्ये ती ढसाढसा रडली, शेजारच्या बाईनं तिला रुमाल दिला.

घरी आली. दार उघडलं.

खुर्ची रिकामी होती.

काका खिडकीपाशी उभे होते. स्वतःच्या पायांवर, काठीशिवाय.

"बरं वाटतंय आता," ते म्हणाले.

त्या दिवशी ते दोनदा वाढून घेऊन जेवले. मावशीनं सगळ्यांना फोन केले, मलाही केला. आम्ही सगळे भेटून आलो. काका उठून बसत होते, चालत होते, शांतपणे बोलत होते. जरा जास्तच शांतपणे. मी म्हटलं, काका, शीळ होऊन जाऊ दे. ते हसले. म्हणाले, "मला कुठे येते?"

आम्हाला वाटलं, गंमत करतायत.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी चहा गाळत होती. बाहेरून टेबलावर बोटं वाजली.

तीनदा. थांबून, एकदा.

ती बाहेर गेली. काका टेबलाशी बसले होते. उजवा हात डोळ्यांसमोर धरून, उलटा सुलटा करून बघत होते.

"हे बोट..." ते म्हणाले. "हे असं कधी झालं?"

मावशीच्या हातून कप सुटला.

ती काचा गोळा करत होती तेव्हाच फोन वाजला. शाळेतल्या बाई. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, आई पार बदललीय! दोन वेळा जेवते. काल तर हसली. किती महिन्यांनी हसली माहितीय? एकच गोष्ट विचित्र आहे. तुम्ही हसाल..."

"काय?" मावशीनं विचारलं.

"खुर्चीतून शीळ येते."

मावशी खाली बसली.

"मला आधी वाटलं, शेजारी कुणी असेल. पण नाही हो. खुर्चीतूनच येते. बाबांना शीळ यायचीच नाही. आणि चालही कशी, वर चढते चढते आणि मधेच तुटते. रोज तिथेच तुटते. मी आईला म्हटलं, आई, हे काय गं? तर म्हणते कशी, हे तुझे बाबा नाहीत. पण माणूस गमत्या आहे. राहू दे."

मावशीनं खोळ परत मागितली. खरं काय ते सगळं सांगून मागितली. बाई म्हणाल्या, "ताई, मी म्हटलं होतं ना तुम्हाला, आहे तशीच परत द्या म्हणून? आता मागू नका. माझी आई जेवायला लागलीय."

मावशीनं फोन ठेवला.

एकदा तिनं एक करून बघितलं. घरातल्या माणसाला घेऊन ती बाईंच्या घरी गेली. बसमध्ये काका कायम ड्रायव्हरच्या मागे बसायचे आणि त्याच्या चुका काढायचे. हे मागच्या सीटवर जाऊन बसले. बाईंच्या घरात पाऊल टाकल्यावर त्यांना काही विचारावं लागलं नाही. ते सरळ आतल्या खोलीत गेले आणि आजींसमोर उभे राहिले.

आजींनी त्यांचा हात हातात घेतला. एकेक बोट चाचपलं. अर्ध्या करंगळीवर थांबल्या.

"हे कोणाला आणलंस?" त्यांनी लेकीला विचारलं.

खुर्ची त्या वेळी गप्प होती.

मावशीनं घरून आणलेल्या माणसाचं मनगट धरलं. खोळीकडे न्यायला लागली. एकदा या रेघांवर हात ठेवा, एवढंच, ती म्हणत होती. त्यांनी हात हिसकला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी तिथे परत बसणार नाही," ते म्हणाले. "आठ महिने बसलो."

मग ते आजींकडे एकदा बघून बाहेर पडले आणि बस थांब्यावर जाऊन उभे राहिले.

आता सगळं असंच चाललंय. घरातला माणूस वेळेवर जेवतो, बाजार करतो, मावशीशी अदबीनं वागतो. शेजारी म्हणतात, आजारपणानंतर किती समजूतदार झाले. त्याला कुणी हवं असलं की तो टेबलावर बोटं वाजवतो. मावशी जाते. काय करणार?

आणि दर मंगळवारी ती अर्धी रजा घेऊन बाईंच्या घरी जाते. आजी स्टूल तिला देतात आणि स्वतः पलंगावर बसतात. पावणेतीनच्या सुमाराला मावशी रेघांत बोटं ठेवते. तिची करंगळी आखूड नाही, म्हणून ती दुमडून घेते. कधी शीळ येते, कधी येत नाही. आली की ती म्हणते, "ऐकतेय हं मी."

पण परवा फोनवर ती मला एक सांगत होती. आजी रोज हात ठेवतात, मंगळवारी ही ठेवते. लव तर केव्हाच गेली, आता धागेही एकेक करून सुटतायत. चौथ्या रेघेखालून आतला फोम दिसायला लागलाय. मी म्हटलं, मावशी, मग हात लावू नकोस ना. ती म्हणाली, "हात लावल्याशिवाय ते बोलत नाहीत गं."

कापड फाटल्यावर काय होणार, हे मी विचारलं नाही. मास्तरांनी तेच डिझाइन पुन्हा छापून द्यायची तयारी दाखवली होती. तिनं फाइल उघडूसुद्धा दिली नाही.

गेल्या आठवड्यात मी त्या बाजूला गेले होते, म्हणून मावशीकडे डोकावले. दार काकांनी उघडलं. मी त्यांना अजून काकाच म्हणते, दुसरं काय म्हणणार? त्यांनी मला बसायला सांगितलं. पाणी आणून दिलं. मग माझ्यासमोर बसले, आणि त्यांचा उजवा हात टेबलावर आला...

तीनदा.

थांबले.

एकदा.

आतून कुणी आलं नाही. त्यांनी पुन्हा वाजवलं. मान जरा वळवून ते वाट बघत राहिले, दाराकडे नाही, उजवीकडच्या रिकाम्या जागेकडे. ते नेमकं कुणाला बोलवत होते, ते विचारायची माझी छाती झाली नाही. मी पाणी तसंच ठेवून निघाले.

मावशी घरात नव्हती. मंगळवार होता.